माझ्या नाकाची निवड

१५ जानेवारी २०२५, संक्रांतीची कर. दुपारी.

ही डायरी प्रतीक्षानं दिली. माझी नात, हैदराबादला लॅबमंदी संशोधन करती. तिला दोन मिळाल्या होत्या. म्या चौथी शिकले, ते बी मेंढरामागं फिरत, एका गावात चार महिने शाळा मिळाली तर लई. पण अक्षर माझं टपोरं. गुरुजी म्हणायचे, म्हाळसाचं अक्षर पारावरनं वाचता येतं.

तर मुद्दा. प्रतीक्षाचा रिसर्च कंपवातावर हाय. तिकडं त्याला पार्किन्सन म्हणतेत. ती म्हणली, हाताला कापरं सुटायच्या लई वर्सं आधी माणसाच्या अंगाचा वास बदलतो. परदेशात एका बाईला तो वास कळला. शास्त्रज्ञांनी तिला कपडे हुंगायला दिले आन तिनं आजारी माणसं ओळखली.

म्या गप झाले. मालक म्हणले, ही गप बसली, वैदू बोलवा. पण माझा भाऊ वीरप्पा याच आजारानं गेला, नऊ वर्सं अंथरुणात. त्याचा हात कापायच्या पाच वर्सं आधी मला त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. म्या त्याला म्हणायची, आंघोळ करत जा. त्याला राग आला, एक वर्स राखीला आला न्हाय. म्हणजे माझं नाक खरं होतं आन म्या उगी आंघोळीवर घेतलं.

ठरलं. प्रतीक्षाच्या लॅबमंदी नाक म्हणून लागायचं. पुन्यांदा कुणाचा वीरप्पा होऊ द्यायचा न्हाय.

१७ जानेवारी.

प्रतीक्षा सकाळच्या एस्टीनं गेली. जायच्या आधी बायोमार्कर समजावून सांगितला. मला पटकन कळलं. आमी मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारतो, लांबूनच कळतं कुणाचं ते. तसा आजाराच्या पाठीवरचा पट्टा. ती म्हणली, आजी, हे मी माझ्या सरांना सांगते. पोरगी गुणाची हाय.

तिला म्हणलं, पाचशे मेंढरांत कोकरू कुणाचं हे म्या डोळं झाकून सांगायची. खूर सडायच्या आधी वासानं धरायची. ती हसली. म्हणली, पुढच्या महिन्यात वासाच्या टेस्टचा डबा आणते, बारा वास असतेत. म्हणलं, चोवीस आण.

२४ जानेवारी.

दूध करपलं. म्या चुलीपाशीच बसलेली. सून ज्ञानेश्वरी बांधावरनं पळत आली. आत्याबाई, तिकडं शेतात वास आला, तुम्ही इथं बसून काय करताव? आता तिला काय सांगायचं. म्या नाकाला आराम देऊन ठेवलाय. कुस्तीच्या आधी पैलवान अंग राखतो तसं.

संक्रांतीला तीळ बी असेच जळले होते. पण ते तीळच खराब होते.

३ फेब्रुवारी. संध्याकाळी.

प्रॅक्टिस सुरू. देवळात शेजारच्या हरणाबाईच्या मानेला हुंगलं. ती म्हणली, अगं म्हाळसे, काय मेंढी हाय का म्या. म्हणलं, गप बस, रिसर्च हाय. नीट हुंगून सांगितलं, तुला काई आजार न्हाय, वास अगदी कोरा.

तर म्हणते, पाठ धरली म्हणून निलगिरीचं तेल चोपडून आले, पुजाऱ्याच्या डोळ्याला पाणी आलं, आन तुला वास कोरा?

म्या तेलाच्या पलीकडलं हुंगत होते. हे अडाणी माणसाला कळणार न्हाय.

९ फेब्रुवारी.

मालकांनी बाज अंगणात नेली. म्हणतेत, तू झोपेत लाथा मारतीस, काल बरगडीत गुडघा घातला. खरंय. पण सपनात लांडगा आला होता कळपात. मग काय करायचं, त्याला पाट मांडायचा? म्हणले, चाळीस वर्सं लांडगं सपनात येत होते, तवा तू मला कधी मारलं न्हाय. म्हणलं, तवा कुत्री होती आपल्याकडं.

पोट साफ होत न्हाय. उन्हाळा लवकर लागतोय.

१४ फेब्रुवारी.

सामानाची चिठ्ठी कल्याणप्पानं दुकानातनं परत पाठवली. वाचता येईना म्हणे, मुंग्यांची रांग हाय का काय. त्याचा चष्मा जुना हाय.

अक्षर जरा बारीक येतंय, ते म्या मुद्दामच काढते. डायरी पुरवायची. आधी एका पानात एक दिवस बसायचा, आता चार बसतेत. लॅबमंदी लागल्यावर लई लिहावं लागंल.

संकल्प: टेस्टपर्यंत कांदा बंद, तपकीर बंद. तसं बी दोन्हीला आजकाल चव राहिली न्हाय. कांदेच बेकार येतेत.

२३ फेब्रुवारी, रविवार.

टेस्ट झाली.

सकाळी डोक्यावरनं आंघोळ केली, धुतलेला झंपर घातला. प्रतीक्षानं ओसरीवर बारा बाटल्या मांडल्या. एकेक हुंगायची, चार नावांतलं एक सांगायचं. म्या पटापटा सांगितलं, एकदा बी थांबले न्हाय. हरणाबाई बघायला आलेली. एका बाटलीला म्या गुलाब म्हणलं, तर ती लांबूनच म्हणली, अगं ते लसूण हाय. प्रतीक्षानं तिला गप केलं. बरंच केलं.

बारात तीन बरोबर आले. परदेशी बाटल्या हायेत, तिकडचा लसूण वेगळाच असंल.

मग प्रतीक्षा म्हणली, आजी, अंगणात चालून दाखव. म्हणलं, नाकाला चालायचं काय काम? म्हणली, फॉर्ममंदी हाय. चालले. मालक म्हणले, डावा हात कळशी धरल्यावाणी का लटकतोय? मग प्रतीक्षानं अंगठा-बोट आपटायला लावलं. मग डायरी मागितली. वाचत न्हाय म्हणली, नुसतं अक्षर बघते. पहिलं पान आन आजचं पान शेजारी शेजारी धरून लई वेळ बघत बसली.

अक्षर आवडलं असणार.

४ मार्च. सोलापूरवरून आल्यावर.

मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. पोरगेला डॉक्टर, मिशी बी नीट आलेली न्हाय. म्हणला, वास आधी जातो. मग झोपेत हातपाय झाडणं. पोट. अक्षर बारीक. कापरं लई मागनं येतं. सगळं ओळीनं सांगत होता, जसं काई घरात येऊन बसला होता.

म्या म्हणलं, माझा वास गेलेला न्हाय, आरामावर हाय.

परत येताना एस्टीत प्रतीक्षाला विचारलं, लवकर कळलं ना आपल्याला? व्हय म्हणली. म्हणलं, वीरप्पाचं उशिरा कळलं. मग माझं बरं व्हईल. तिनं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणली, गोळ्यांनी काही वर्सं हातपाय मोकळे राहतेत, आजी. आजार थांबवायचं औषध अजून कुणाकडंच न्हाय. म्हणलं, मग लवकर कळून काय? म्हणली, तेच तर शोधतोय.

तुळजापूरपर्यंत तिनं माझा डावा हात धरून ठेवला. लहानपणी म्या तिचा धरायची, बाजारात.

डॉक्टर चुकला असंल. पोरगेलाच होता.

१२ मार्च.

गोळ्या चालू. प्रतीक्षा आज गेली. म्हणली, आजी, तुझा झंपर दे, अंगावर घातलेला, न धुतलेला. लॅबला पायजे, कागदावर सही बी पायजे. सही केली, बारीकच आली, ती म्हणली पुरंल एवढी.

म्हणजे निवड झाली. नाक म्हणून न्हाय, झंपर म्हणून. हरणाबाईला एवढंच सांगितलं, निवड झाली.

प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आधी झंपर म्या स्वतः हुंगला. काखेत, पाठीला, मानेपाशी. नीट, डोळं झाकून. गोणपाटाचा वास न्हाय. घामाचा न्हाय, धुराचा न्हाय. कसलाच न्हाय. म्हणलं, बघ म्हाळसे, तू ठणठणीत हाईस.

मग आठवलं, वास आधी जातो.