याडीचे बत्तीस पुरावे

१२ जानेवारी १९७५
हे जागतिक महिला वर्ष आहे. मंगरूळपीरमध्ये कोणालाच याची जाणीव नाही. इतिहास मी शिकवतो, तेव्हा जबाबदारी माझ्यावर येते. वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात लीड्सच्या मिस ड्रू यांचा पत्ता मिळाला. स्त्रियांचा इतिहास शोधणाऱ्या सर्व देशांतल्या संशोधकांना त्या जोडू पाहतात. कळवले: भारताची बाजू तयार आहे.
लिलाला सांगितले नाही. बायकोचा या विषयाशी संबंध नाही.

२ मार्च
लीड्सचे उत्तर. माझ्या नावाआधी त्यांनी 'एमएस' छापले आहे. मी फक्त बी.ए., बी.एड. आहे. पण आलेली पदवी नाकारणे उद्धटपणाचे.
जाळ्यात सध्या चार सभासद: इंग्लंड, कॅनडा, कोलंबो, मंगरूळपीर. आशियाचे केंद्र कोणाकडे द्यायचे ते ठरायचे आहे. मी, किंवा कोलंबोच्या एक प्राध्यापिका. मिस ड्रू नोव्हेंबरात दोन्ही ठिकाणे पाहणार.
कोलंबोला समुद्र आहे. बाकी काही असेल असे वाटत नाही.
'आशिया केंद्र' असा रबरी शिक्का करायला टाकला.

३ मार्च
संकल्प. पहाटे पाचला उठून संशोधन. रोज एका देशाला पत्र. भजी बंद.

९ मार्च
पहाटे गार असते. संशोधन सायंकाळी. भज्यांचा इतिहासाशी संबंध नाही.

२ एप्रिल
सापडली!
शाळेचा शिपाई धरमसिंग याच्या बंजारा तांड्यावर गेलो. त्याची आत्या हिरीबाई, वय ऐंशीच्या आसपास. विचारले, घागऱ्यावर आरसे लावायला कोणी शिकवले? याडी. बैलांवर मीठ लादून मुलुखभर कोण फिरली? याडी. दुष्काळात सगळ्यांना कोणी जगवले? याडी. जमादाराच्या अंगावर मुसळ घेऊन कोण धावली? याडी.
एवढी मोठी राज्यकर्ती, आणि एकाही पाठ्यपुस्तकात नाव नाही.
परतताना धरमसिंग म्हणू लागला, सर, याडी म्हंजे... मी थांबवले. पुराव्यात ऐकीव अर्थ मिसळला की संशोधन संपले.

२० एप्रिल, पोहरादेवी
रामनवमीची यात्रा. सगळे तांडे एका जागी. बत्तीस बायकांना एकच प्रश्न: हे सगळे तुम्हाला कोणी शिकवले? बत्तीस जणींचे उत्तर: याडी. इतके एकमत शिक्षकांच्या सभेत पाहिले नाही.
कमलीबाई म्हणून एक होत्या. त्यांनी उलट विचारले, मास्तर, तुले याडी नाही का? मी नम्रपणे सांगितले, आमच्या अभ्यासक्रमात नाही. बायका बराच वेळ हसल्या. खेड्यातला आदर असा मोकळा असतो.

४ मे
अडचण. हिरीबाईच्या मते याडी साठ वर्षांपूर्वी वारली. कमलीबाईच्या मते गेल्या पोळ्याला. एक म्हणते, याडी घरीच आहे, गुडघे दुखतात.
दुपारी उलगडा झाला. याडी ही व्यक्ती नाही, गादी आहे. एक गेली की दुसरी बसते. मिस ड्रूंना बारा पानी पत्र. विषय: वऱ्हाडातले स्त्रीराज्य.
कोलंबो संपले.

१९ ऑगस्ट
लिला म्हणाली, जगातल्या बायकांले पत्र लिहून राह्यले, घरातलीले दळन आनू का म्हनून इचारलं नाही. मी समजावले, तुझा काळ अजून इतिहासात आलेला नाही. ती म्हणाली, दळन तं आजच आनायचं हाय.
गिरणीवर गेलो. रांग होती. उभ्याउभ्या कॅनडाचे पत्र मनात जुळवले. घरी येईपर्यंत विसरलो.

१४ नोव्हेंबर
मिस ड्रू आल्या. कारंज्याची एसटी वेळेवर. सध्या देशात सगळेच वेळेवर आहे. उतरताच त्यांनी विचारले, मॅडम माणिकराव कोठे आहेत? म्हणालो, मीच माणिकराव. त्यांनी पिशवीतून माझे पत्र काढून सही पुन्हा पाहिली. प्रत्यक्ष भेटीचे दडपण येतेच. मग त्यांनी लिलाचे दोन्ही हात हातात घेतले.

१५ नोव्हेंबर
तांडा. मिस ड्रूंचा टेपरेकॉर्डर. माझे प्रास्ताविक, पंचवीस मिनिटे. मग त्यांनी विचारले, सध्याची याडी कोण? हिरीबाईने सुनेकडे बोट दाखवले. मग शेजारणीकडे. मग स्वतःकडे. मग एका शेळीकडे. शेळीला दोन पिले लुचत होती.
शेळी गादीवर कशी, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात धरमसिंग पुढे झाला. म्याडम, याडी मदर. याडी म्हंजे माय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, सर, एप्रिलपासून सांगून राह्यलो.
मिस ड्रू रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या खूप हसल्या. मग बायकांत जाऊन बसल्या, शेजारी लिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या आपापल्या आयांबद्दल बोलत होत्या. मी शेळीजवळ बसलो.

१७ नोव्हेंबर
मिस ड्रू कोलंबोला गेल्या. जाताना म्हणाल्या, केंद्रासाठी मी आणि कोलंबोच्या प्राध्यापिका, दोघांनीही एकच काम करावे. स्वतःच्या आईचा इतिहास, दोन पाने. जन्म, माहेर, केलेली कामे. ३१ डिसेंबरपर्यंत टपालात पडावा.
दोनच पाने! बारा लिहिणाऱ्या माणसाला! केंद्र आपलेच.

२१ डिसेंबर
सुरुवात केली. 'माझी आई केशरबाई.'

२४ डिसेंबर
'ती सहा वर्षांपूर्वी वारली. स्वभाव प्रेमळ. शेवया उत्तम.'
प्रस्तावना म्हणून ठीक आहे.

२९ डिसेंबर
आईचे माहेर धनज, की धनज हे मावशीचे सासर, ते आठवेना. लिला तूर निवडत होती. तिला सहज विचारले.
ती सुपातून मान वर न करता सांगू लागली. धनज मावशीचंच सासर, सासूबाईचं माहेर कारंजा. सासूबाई लहानपनी कारंज्याच्या जिनिंगमधी सरकी येचत. रेघोट्या वढून वढून नाव लिहाले शिकल्या. तुमी परीक्षेले बसले तवा रोज तुमचं पुस्तक उलटं धरून बसत, वाचून राह्यलो म्हनत. शेवटी माह्या मांडीवर गेल्या. मग थांबून म्हणाली, तुमाले काहीच मालूम नाही?
मी म्हणालो, सगळे ठाऊक आहे, क्रम लावायचा आहे. तू सांग, मी लिहून घेतो.
ती म्हणाली, सांगतो ना. पन खाली सही माही राहीन. केंद्र भेटलं तं तेबी माह्या नावानं.
बराच वेळ विचार केला. परवा एकतीस. केंद्र मंगरूळपीरला येणे महत्त्वाचे, नावात काय आहे. पेनमध्ये शाई भरली. लिलाने सूप बाजूला ठेवले, समोर बसली. पहिले वाक्य सांगितले. मग वाकून माझा कागद पाहिला आणि म्हणाली, अक्षर नीट काढा.