हुकमाची शेवटची ओळ

बाबा, आज काकी आमच्या पनवेलच्या ऑफिसात आली होती. आपल्या शेजारची काकी, तुम्ही गेलात तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांत मोठ्याने रडलेली. ऐंशीच्या पुढे गेली आता. तिच्या दाराला चिकटवलेला कागद तिने हलक्या हाताने सोडवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. ‘वाच गो बाय. तुजा बाबा सांगायचा तसा सांग.’ माझ्या टेबलासमोर दहा माणसं उभी, साहेबांनी दोनदा बोलावलेलं. मी वरच्या चार ओळींवर नजर फिरवली आणि म्हणाले, ‘आदेश आहे काकी. रस्ता रुंद होणार, तुझ्या घराची मोजणी झाली, तेवढं कळवलंय.’ ‘मंजे मना काय करायचं नाय ना?’ ‘सध्या काही नाही,’ मी म्हणाले. ती पिशवी छातीशी धरून उलव्याच्या बसला गेली. मग ऑफिसची प्रत माझ्या हातात आली आणि शेवटची ओळ वाचली. जेवणाची सुट्टी आहे, डबा तसाच बंद आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.

तुम्हाला सही येत होती, वाचता येत नव्हतं. गावच्या कोतवालाला ते कबूल करणं जड, म्हणून तलाठ्याने दिलेला कागद तुम्ही आधी घरी आणायचात. मी सहावीत. ओट्यावर बसून मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून पाठ करायचात. मग तेलाचा रिकामा डबा बडवत गावभर दवंडी. शब्द अडला की मी विचारायचे आणि तुमच्याकडे उत्तर तयार असायचं. ‘हुकूम मंजे साहेब चिडलाय. आदेश मंजे साहेबावरचा साहेब चिडलाय. परिपत्रक मंजे कुनीच चिडला नाय, नुसती शाई सुकत व्हती.’ आणि फर्मान? ‘ते तुजे आयचं.’ आई आतून चिमटा फेकायची. आज मी स्वतः असे कागद तयार करते. निर्देश, ज्ञापन, आज्ञा, सगळे शब्द येतात मला, कुठे कोणता घालायचा तेही कळतं. पण एखादा शब्द लिहिताना अजून मनात येतं, की डबा बडवत हा कसा सांगितला असता तुम्ही. तुम्ही कुणाच्या दाराला कागद चिकटवण्याआधी त्या घरचं पाणी प्यायचात. आधी तोंडाने सांगायचं, मग चिकटवायचं. ‘मान्साला कागदाकडून कळता कामा नये,’ म्हणायचात.

खाडीकाठच्या खाजणातल्या शेतांच्या मोजणीचा कागदही मीच वाचला होता. दुपारची वेळ, आईने बोंबील तळायला घेतले होते, आणि मला भूक लागलेली. मी वाचलं, तुम्ही पाठ केलंत, डबा उचललात. काकीचं शेत दिराच्या नावावर लागलं होतं. काका वारलेला, तिने बांध घातलेला, भात तिनेच लावलेला. हरकत घेतली असती तर कदाचित वाचलं असतं. पण मुदत होती हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. महिन्याने तलाठी आपल्या अंगणात उभा राहून तुमच्यावर ओरडला, ‘मुदतीचं का नाही सांगितलंस?’ मी दाराआड होते. तुम्ही एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, ‘इसरलो साहेब. माजीच चूक.’ त्यानंतर गावाने तुम्हाला अर्ध्या दवंडीवाला म्हणायला सुरुवात केली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी तरी म्हणायचं, आणि तुम्हीही हसायचात. मला मात्र तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. एक फटका दिला असतात तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. काकीसमोर मी तेव्हापासून नीट बसलेली नाही. तिचं काम नेहमी घाईघाईत उरकते आणि तिला वाटतं, पोरगी मोठ्या हुद्द्यावर गेली.

आजच्या कागदाची शेवटची ओळ तीच आहे, बाबा. शब्दसुद्धा बदललेले नाहीत: हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी सादर करावी, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. आज चौदावा दिवस. काकीचा मोबाईल तीनदा लावला, बंद आहे. चार्ज करायला ती नेहमीच विसरते. उद्या ऑफिस बंद व्हायच्या आत तिचा अंगठा असलेला अर्ज इथे आला नाही, तर घराचंही शेतासारखंच होईल. आणि या खेपेला माझ्यासाठी ‘इसरलो’ म्हणणारं कुणी नाही. अर्धी रजा टाकली आहे. साहेब म्हणाले, ‘मॅडम, एका केससाठी तुम्ही स्वतः जाणार?’ मी हो म्हटलं.

बाहेर रिक्षा ठरवून आले आहे. हा कागद पर्समध्ये घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? काकीच्या घरी आधी पाणी पिईन. मग हरकत लिहून घेईन, तिला शब्दन् शब्द वाचून दाखवीन. अंगठा झाला, की तिला शेताचंही सांगायचं आहे. ती काय म्हणेल, ठाऊक नाही. पण तुम्हाला आधी सांगते. इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आले, की ती ओळ बारीक अक्षरात होती, सहावीतल्या पोरीला लागली नसेल. लागली होती, बाबा. बोंबिलांचा वास आला आणि मी कागदाची घडी घातली.