चार बोटांवरचं वाळवंट

२ फेब्रुवारी

कॅटलॉगचं शेवटचं पान आज हातावेगळं केलं. 'एक देश, आठ दिवस : बर्फापासून वाळवंटापर्यंत, गुहांपासून लाटांपर्यंत'. मथळा माझाच. या देशात बर्फाचे डोंगर आहेत, खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रं आहेत, वाळवंट आहे, समुद्र आहे, आणि हे सगळं लोकांना दाखवणारा माणूस मी आहे. सहल कंपनीत मजकूर लिहिता लिहिता केस पिकले. यातलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नाही. तीच माझी ताकद आहे. जाऊन येणाऱ्याला काय दिसतं? पायऱ्या किती होत्या आणि संडास कुठे तुंबला होता. मला सरोवर दिसतं.

मालक म्हणाले, मजकूर झकास आहे, पण एवढं सगळं आठ दिवसांत बसणार कसं? त्यांना माझी बोटपद्धत समजावून सांगितली. ऑफिसात चहाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर देशाचा नकाशा टांगलेला आहे. त्यावर बोटं आडवी लावायची. एक बोट म्हणजे एक तास. सरोवर ते वाळवंट, चार बोटं. सकाळी सरोवर, वाटेत जेवण, दुपारी उंट. मालक बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते. माणूस अडाणी आहे, पण ऐकून घेतो.

९ फेब्रुवारी

ही म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं होतील, आपण एकदा ते सरोवर बघून येऊ या का? तुमचं वाचून वाचून पाठ झालंय म्हणाली.

पाठ झालंय तर जायचं कशाला, असं मी विचारलं. माझ्या मजकुरात आहे त्यापेक्षा जास्त तिथे काही नाही. उलट डास असतात.

त्यावर ती म्हणाली, पण पाणी तर तिथेच आहे ना?

हात टेकले. पेपर तोंडापुढे धरला.

१५ फेब्रुवारी

ऑफिसात एक दातांचा डॉक्टर आला होता. गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. बुकिंग करण्याआधी मला विचारतो, सूर्यास्ताला सरोवर गुलाबी होतं असं लिहिलंय, तर नक्की गुलाबी की नारिंगीकडे झुकणारं? म्हटलं, ते पाहणाऱ्याच्या संस्कारांवर अवलंबून आहे. पैसे भरून गेला. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्याला सौंदर्याची जाण कुठून येणार.

संकल्प : यापुढे ग्राहकांशी बोलायचं नाही. त्यांच्यासाठी लिहिणं पुरे.

२० फेब्रुवारी

घात झाला. पहिली बस चार मार्चला निघते आहे आणि गाईड पळाला. कार्यक्रम वाचून आधी खूप हसला म्हणे, मग घरगुती अडचण सांगून रजेवर गेला. मालक म्हणाले, तुम्हीच जा, वहिनींनाही न्या, खर्च कंपनीचा.

मी पाठदुखी सांगितली. कामाचा डोंगर सांगितला. मालक म्हणाले, जाऊन आलात तर खरा डोंगरही बघून होईल. विनोद करतात.

घरी येईपर्यंत मालकांचा फोन येऊन गेला होता. माळ्यावरची बॅग खाली आली होती. हिच्या बहिणीला कळलं होतं. शेजारी कळलं होतं. दूधवालासुद्धा माझ्याकडे बघून हसला.

अखेर होकार दिला, पण एका अटीवर. कार्यक्रमाचा कागद ड्रायव्हरकडे राहील, मी साधा प्रवासी म्हणून बसेन. लेखकाने आपल्या शब्दांचा परिणाम गुपचूप पाहावा. ही म्हणाली, कसंही चला, पण चला.

४ मार्च, सकाळी, बसमध्ये

मंडळी एकजात सामान्य. दातवाला आहेच, डोळा सतत कॅमेऱ्याला, मला ओळखलंही नाही. पुढच्या सीटवर एक रिटायर्ड हेडबाई बसल्यात, गळ्यात दुर्बीण, हातात माझा कॅटलॉग आणि लाल पेन्सिल. माझ्या एका वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली. आवडलेलं दिसतंय.

४ मार्च, संध्याकाळी

घाट लागला आणि पोटाने दगा दिला. सकाळचं ऑम्लेट गेलं, मग चहा गेला, मग जायला काही उरलं नाही. ही एका हाताने पिशवी धरून होती आणि मान खिडकीकडे. सारखी म्हणत होती, अहो, वर बघा ना, वर बघा. मी पायाखालचं रबर बघत होतो. त्यावरची नक्षी आता मला पाठ आहे.

बर्फापाशी सगळे उतरले. मी सामानाजवळ थांबलो. कुणीतरी जबाबदार माणूस हवाच. अर्ध्या तासाने सगळे बालवाडीसारखे ओरडत परत आले. हिचं नाक लाल झालं होतं. तिने माझ्या तळहातावर बर्फाचा गोळा ठेवला आणि चेहऱ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, स्वेटर ओला होतोय.

गोळा खिडकीतून टाकून दिला.

५ मार्च

गुहाचित्रं. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पहारेकरी कुलूप लावून घरी गेला होता. माझ्या हिशेबाने आम्ही तिथे दुपारच्या उन्हात असायला हवे होतो. दातवाल्याने फ्लॅश मारून कुलपाचा फोटो काढला. हेडबाई कॅटलॉगमधला माझा उतारा मोठ्याने वाचत होत्या, 'दुपारची तिरपी किरणं हरणांच्या पाठीवरून सरकतात'. आवाजात जरा खोच होती. बाई व्याकरणाच्या असाव्यात.

रस्त्यांचा दर्जा घसरलाय. मालकांना सांगायला हवं.

६ मार्च, सकाळी

सरोवर आलं. कार्यक्रमात वीस मिनिटं दिली आहेत, भरपूर झाली. वारा बोचरा, म्हणून मी आतच. ही काठावर बसून चपलेचा पट्टा सोडत होती, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वेळ झाली होती. पट्टा पुन्हा लावून निमूट आली. वाळवंट गाठायचं आहे, हे तिला समजलेलं दिसतं.

६ मार्च, रस्त्यात कुठेतरी

दुपारी उंटावर असायचं. दुपार गेली. बस चढतेच आहे. एक खिंड संपली की दुसरी सुरू. उंट नाही, वाळू नाही, नुसते वळणांचे फलक.

हेडबाईंनी ड्रायव्हरला विचारलं, वाळवंट आहे तरी कुठे? तो म्हणाला, आहे की बाई, या डोंगररांगेच्या पलीकडे, पण आज नाही भेटायचं. ज्याने हे लिहिलंय तो बहुतेक उडत गेला असेल.

डोंगररांग! आता आठवलं. सरोवर आणि वाळवंट यांच्यामध्ये नकाशावर एक तपकिरी पट्टा आहे खरा. मला तो चहा वाटला होता. नकाशा चहाच्या टेबलावरच आहे, कुणालाही चहाच वाटेल. दोष असलाच तर तो टेबल तिथे ठेवणाऱ्याचा आहे.

बसमध्ये हलकल्लोळ. कोण हा विद्वान, त्याला समोर आणा, असं चाललं होतं. मी गप्प राहिलो असतो तर संशय आला असता, म्हणून सगळ्यांच्या वरताण आवाज काढला. म्हटलं, हे ऑफिसात खुर्ची उबवणारे उंटावरचे शहाणे! असल्यांना या घाटातून चालत न्यायला हवं! टाळ्या पडल्या. दातवाल्याने मागून पेपरमिंट दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

ही माझ्याकडे बघत होती.

मग ती उठली. हलत्या बसमध्ये दांडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, लिहिणारे हेच. माझे मिस्टर. हे कधी कुठे गेलेले नाहीत हो. नकाशावर बोटं ठेवून लिहितात. तुम्हा सगळ्यांचा खोळंबा झाला, मी माफी मागते.

बसली आणि खिडकीकडे तोंड केलं. पंचवीस वर्षांत ही बाई चारचौघांत माझ्याविरुद्ध चकार शब्द बोललेली नाही.

पेपरमिंट माझ्या तोंडात होती. चघळावी की थुंकावी ते कळेना.

७ मार्च

रस्त्यालगतच्या लॉजमध्ये मुक्काम झाला. सकाळी नाश्त्याला बंड. हेडबाईंनी हात वर करायला लावून मतं घेतली. वाळवंट रद्द, समुद्र रद्द. मागे फिरून सरोवराकाठी दोन दिवस राहायचं. अर्धा देश एका बैठकीत कापून टाकला या बाईने!

आता ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसते आणि कुठे थांबायचं ते ठरवते. लोक तिलाच विचारतात, वहिनी, चहा कधी? वहिनी, स्वेटर काढू का?

मी जाहीर केलं, की या बेबंदशाहीचा निषेध म्हणून मी बसमधून उतरणार नाही. विरोध होईल असं वाटलं होतं. हेडबाई म्हणाल्या, मग खिडक्या तेवढ्या लावून घ्या, धूळ येते.

८ मार्च, संध्याकाळी

बसची पाठ सरोवराकडे आहे. मला एक भिंत दिसते आणि एक कोंबडी. निषेध चालू. जेवण ही डब्यातून आणून देते, ठेवते, जाते.

हसण्याचे आवाज येतात. त्यात एक हिचा आहे. आधी ओळखलाच नाही.

मघाशी दातवाला धावत आला, काचेवर टकटक करून म्हणाला, चला चला, पाण्याचा रंग पालटतोय! मी काच न उघडता म्हटलं, माहीत आहे, गुलाबी. तो म्हणाला, छे हो, गुलाबी कुठला! मग कुठला? हे विचारेपर्यंत गाढव परत पळालं होतं.

अंधार पडल्यावर ही आली. गुडघ्यापर्यंत ओली. मी सहज विचारावं तसं विचारलं, कोणता रंग होता? तिने आधी पाय पुसले. मग म्हणाली, नाही हो सांगता येत.

सांगता येत नाही म्हणजे काय? मी आयुष्यभर तेच सांगत आलोय. चिडलो. ती मात्र चिडली नाही. टॉवेल झटकून खिडकीत वाळत घातला.

संकल्प : उद्या संध्याकाळी गुपचूप उतरून रंगाची खातरजमा करायची. केवळ मजकुराच्या दृष्टीने.

९ मार्च

बस दुपारच्या जेवणानंतरच परत निघाली. मला कुणी सांगितलंच नाही. दारात उभा राहून मागे बघायला गेलो तर ड्रायव्हर ओरडला, दारात उभं राहू नका. तेवढ्यात वळण आलं.

१८ मार्च

लोकांची अक्कल बघा. मालकांकडे तक्रारी येतील असं वाटलं होतं, तर सगळे विचारतात, पुन्हा कधी? हेडबाई तर स्वतः ऑफिसात येऊन गेल्या. आता मालकांनी हिला बोलावून घेतलंय. नवीन सहल : एकच सरोवर, चार दिवस, कार्यक्रम काही नाही. नुसतं बसायचं. आणि यासाठी रांग!

मजकूर लिहायला घेतला तर ही म्हणाली, वर्णन नको, बसची वेळ आणि उबदार कपडे आणा एवढंच टाका. मालक लगेच हो म्हणाले. मला सीटवर चिकटवायच्या नंबरांचं काम दिलंय.

चहाचं टेबल हलवून घेतलं. तपकिरी पट्टा तसाच आहे.

२९ मार्च

घरात सारखा फोन. ही बोलत असते, अमक्या वळणावर ऊन चांगलं असतं, तिथे थांबू. मी पेपरमागे असतो. हिच्या बहिणीशी काल अर्धा तास पाण्याबद्दलच बोलत होती. मला सांगता येत नाही म्हणाली, बहिणीला बरं सांगता आलं. मी फोनजवळची खुर्ची गाठली, तर आवाज खाली गेला.

फुटकळ लोक, फुटकळ सहल. मला काय त्याचं.

२ एप्रिल

उद्या बस निघते आहे. दिवसभर ऑफिसात सीटचे नंबर चिकटवले. एकेक सीटवर बसून पाहिलं, नंबर नीट दिसतो का ते. डाव्या बाजूच्या खिडक्या सरोवराकडे येतात, असं ड्रायव्हर म्हणाला. त्या बाजूला जरा जास्त वेळ बसलो.

जेवण झाल्यावर म्हटलं, मी पण यावं म्हणतो. ही भांडी घासत होती, नळाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. पुन्हा म्हटलं. तिने नळ बंद केला.

टोचून बोलली असती तर मी तयारीत होतो. उत्तरंही काढून ठेवली होती. पण ती हात पुसत अगदी मऊ आवाजात म्हणाली, अहो, बस भरलीय हो. ताई आहे, हेडबाई आहेत, डॉक्टर त्यांच्या आईला आणतायत. आधी बोलला असतात तर ठेवली असती की एक जागा.

मी म्हटलं, छे, सहज विचारलं. मला कुठे वेळ आहे.

३ एप्रिल, सकाळी

बॅग स्टँडपर्यंत मीच नेली. ही डाव्या बाजूच्या खिडकीत बसली होती. शेजारी तिची बहीण, दोघींची तोंडं एकदम चालू. बस सुरू झाल्यावर तिला माझी आठवण झाली, तिने हात हलवला. मीही हलवला. बस चौकातून वळेपर्यंत हलवत होतो.

ऑफिसला उशीर झाला. मालकांना सांगितलं, पाठ धरली होती. पाठीला काही झालेलं नाही. मला जायचं होतं.