लाल झाकणाचा डबा आणि माझी बाकीची मिळकत

मी, व्हर्लिन हॉगस्टॅड, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याचा, राहणार टॅन्सी क्रीक, राज्य वायोमिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी मंगळवारी दिला. फुप्फुसांना मात्र त्यांनी पानगळीपर्यंतचीच मुदत दिली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. कोणी धाक घातला असता तर यातलं पाचवं कलम मी बावीस वर्षांपूर्वीच लिहिलं असतं. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी स्वतःला बराच चांगला माणूस करून ठेवलं होतं.

कलम १. राहते घर, अंगण व त्यातील सर्व सामान माझी मुलगी कॅरिन, राहणार बिलिंग्स, हिला मिळावे. घर गरम करणारी तळघरातली भट्टी सुरू झाली नाही तर तिला डाव्या बाजूने गुडघा मारावा. मेकॅनिक बोलावू नये, तो नवीन भट्टी गळ्यात मारेल.

कलम २. माझी सर्व हत्यारे शाळेच्या गॅरेजला द्यावीत. अपवाद मोठ्या पान्याचा. तो डेल्मर प्रुइटने २००३ साली आठ दिवसांसाठी नेला. तो त्यालाच बक्षीस दिला असे समजावे, म्हणजे निदान चोरीचं पाप त्याच्या माथी राहणार नाही. दुसऱ्याचं पाप काढायचा मला काय अधिकार आहे ते पुढे दिसेलच.

कलम ३. मला माझी पत्नी मार्लिस हिच्या शेजारी पुरावे. दगडावर नाव आणि साल पुरे. 'सर्वांचा लाडका' वगैरे काही कोरू नये.

कलम ४. माझ्या कपाटातील रायफल व तिच्यासोबतची हिरवी वही.

या दोन्ही वस्तू मुळात माझ्या नव्हेत, ऑर्वल टेशच्या आहेत. ऑर्वल म्हणजे माझा शेजारी आणि पन्नास वर्षांचा मित्र. रायफल साधी कारखान्याची, दुकानातून खोक्यासकट आणलेली. आमच्या नेमबाजीच्या क्लबात दर सप्टेंबरला अशाच रायफलींची स्पर्धा होते. रायफलीला कानससुद्धा लावायची नाही, खोक्यातून निघाली तशी चालवायची. काडतुसं मात्र घरी भरलेली चालतात, म्हणजे सगळी करामत काडतुसात. या रायफलीला कोणती गोळी मानवते, ती किती खोल बसवायची, काडतुसात बंदुकीची दारू कोणती आणि किती, हे शोधण्यात ऑर्वलने दोन हिवाळे घालवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच गोळ्या मारायच्या, निशाणाचा कागद वहीत चिकटवायचा. चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी बोटभर बाहेर गेली की आम्ही बाकीचे म्हणायचो, वारा आला असेल, सोड ती. ऑर्वल म्हणायचा, "पाचवी पण मीच मारली ना? मग मोज." प्रत्येक पानाच्या तळाला तो लिहायचा: तोललं, पुन्हा तोललं. शेवटी तीनशे यार्डांवर त्याच्या पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायला लागल्या.

त्याच्या या वहीवरून काडतुसं भरून पुढे मी सहा वेळा चषक जिंकला. सहाही चषक भंगारात द्यावेत.

कलम ५. हे कलम मिळकतीबद्दल नाही. तरी ते काढून टाकू नये.

१४ सप्टेंबर २०००, गुरुवार. ऑर्वल कॅस्परला बहिणीकडे गेला होता. त्याच्या गॅरेजची किल्ली माझ्याकडे असायची. माझी पिस्तुलाची काडतुसं मी त्याच्याच टेबलावर, त्याच्याच यंत्राने भरायचो. तिथे त्याचा एक नियम होता: टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिला आधी फळीवर. मी त्या दिवशी माझा डबा टेबलावर असतानाच त्याचा लाल झाकणाचा डबा खाली काढून उघडला. तो रायफलीला कोणती दारू घालतो ते मला बघायचं होतं. मला त्याचा हेवा वाटायचा, दुसरं काही नाही. तेवढ्यात मार्लिसचा फोन आला की जेवण वाढलंय, गार होतंय. मी घाईघाईने यंत्रात उरलेली माझी दारू समोरच्या उघड्या डब्यात ओतली, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून घरी जेवायला गेलो. झाकण लाल होतं. दोन्ही दारू दिसायला सारख्याच, करड्या आणि बारीक. पण पिस्तुलाची झटकन पेटते, ती रायफलीत गेली की रायफलच फुटते.

शुक्रवारी ऑर्वलने त्या डब्यातून काडतुसं भरली. शनिवारी स्पर्धेत तिसऱ्या गोळीला रायफल मागच्या बाजूने फुटली. चष्मा लावलेला असूनही त्याचा उजवा डोळा गेला. रविवारी मी माझा डबा हातात घेतला. यंत्रातली दारू परत ओतली होती, म्हणजे तो जड लागायला हवा होता. तो हलका होता. तेव्हाच मला सगळं कळलं.

क्लबाने चौकशी केली. डबा ऑर्वलचा, वजनकाटा ऑर्वलचा, वहीतलं अक्षर ऑर्वलचं. दवाखान्यात तो मला म्हणाला, "चूक माझीच रे. माझ्या डब्याला दुसरं कोण हात लावणार?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

यापेक्षा हलकट वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

घरी आल्यावर त्याने ते टेबल फोडून सरपणात घातलं. कारखान्याकडून दुरुस्त होऊन आलेली रायफल त्याने बघितलीही नाही. ती आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाला, तू तरी नीट मोजत जा. आणि मी ती घेतली. मी ती घेतली, हे दोनदा लिहितो, कारण ते मला अजून खरं वाटत नाही.

पुढे हॉटेलात त्याने साखरेला हात लावला की कोणीतरी म्हणायचंच, "ऑर्वल, बघ बाबा, मीठ नाही ना ते?" तो हसायचा. मीही हसायचो. आणि दर एप्रिलला क्लबात नवख्यांना काडतुसं भरायला शिकवायचा वर्ग मीच घेतो. बावीस वर्षं पहिला धडा मी ऑर्वलच्या नावाने देत आलो, की बघा, एवढा काटेकोर माणूस, त्याच्याही हातून असं झालं. हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. मार्लिसला मी एकदा सगळं सांगितलं होतं. ती तेव्हापासून जाईपर्यंत अधूनमधून एवढंच म्हणायची, त्याला सांग.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर कलम पाच क्लबात सर्वांसमोर वाचावे आणि रायफल व वही ऑर्वलला द्यावी. मी तेव्हा तिथे नसेन. हा भित्रेपणा आहे हे मला कळतं. वकीलबाईंनी सांगितलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचं मिळणं रद्द होतं. म्हणून साक्षीसाठी ऑर्वलला न बोलावता ग्रंथालयातल्या मिसेस बोलेन आणि आमचा पोस्टमन यांना बोलावलं आहे.

कलम ७. आजच, दुपारी चारनंतर लिहिले.

रस्त्यात चिखल म्हणून मिसेस बोलेनना ऑर्वलच गाडीतून घेऊन आला. सोबत माझ्यासाठी शेंगांच्या सूपचा डबा. टेबलावरच्या कागदात त्याला स्वतःचं नाव दिसलं. "माझं नाव काय करतंय इथे?" त्याने विचारलं. मला कागद घडी घालून खिशात टाकता आला असता. मी तो त्याच्याकडे सरकवला.

त्याने कागद डाव्या डोळ्याजवळ धरून वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मिसेस बोलेन धुतलेले कप परत धूत राहिल्या.

"डबा फळीवर कुठे ठेवलास?" तो म्हणाला.

मी म्हणालो, होता तिथेच.

"बावीस वर्षं मी रोज सकाळी तो शुक्रवार आठवतोय. कुठला डबा उचलला, हात कुठे गेला. डोळ्याचं सोड. मला वाटलं माझं डोकंच गेलं. नात झाली तेव्हा मी तिला उचलून घेतलं नाही, व्हर्लिन. माझ्या हातांचा मला भरवसा नव्हता."

मी म्हणालो, मला माफ कर. तो म्हणाला, ते नंतर बघू, आधी सहावं कलम खोड.

"मेल्यावर कसलं वाचतोस? परवा शनिवारी तुझा वर्ग आहे. उभा राहा आणि तूच वाच."

मी म्हणालो, मला आता उभं राहिलं की दम लागतो.

"मग बसून वाच."

रायफल त्याला नको आहे. वही त्याने स्वतःच कपाटातून काढली आणि काखेत मारली. माझीच वस्तू मला वारशाने काय देतोस, म्हणाला. मग त्याने पेन मागितलं. मिसेस बोलेन घाबरत म्हणाल्या की ज्याला मिळतं त्याने सही करायची नसते. तो म्हणाला, मला यातून काहीच मिळत नाहीये. पोस्टमनला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं.

सबब कलम सहा रद्द. रायफल क्लबातल्या वर्गाच्या भिंतीवर टांगावी आणि पहिला धडा यापुढे माझ्या नावाने द्यावा. कलम पाच मी स्वतः, जिवंतपणी, शनिवारी दिनांक १५ रोजी वाचणार आहे. त्याआधीच मेलो तर ते ऑर्वलने वाचावे, आणि वाचताना माझी गय करू नये.

ठिकाण: टॅन्सी क्रीक, वायोमिंग
दिनांक: १३ एप्रिल २०२३

लिहून देणार: व्हर्लिन हॉगस्टॅड

साक्षीदार १: आयोनी बोलेन

साक्षीदार २: ऑर्वल टेश
वाचलं, पुन्हा वाचलं.