अप्पांनी मऊ केलेला मिट

अप्पा, गेल्या महिन्यात मी लेकीला घेऊन पिंपरीतल्या त्याच दुकानात गेले होते. पोरीची जिल्ह्याच्या बेसबॉल संघात निवड झालीये, तीही कॅचर म्हणून, बॅटरमागे चेंडू झेलायला, माझ्याच जागेवर. समोर मांडलेल्या चामडी हातमोज्यांतला सगळ्यात मऊ मिट तिने उचलला आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "मऊ हाय ते लौकर मरतंय." दुकानदार हसला. मला हसू आलं नाही, मी कडकच घेतला.

मी नववीत होते. निवड चाचणी तोंडावर आलेली आणि शाळेचा मिट फाटलेला. सर म्हणाले, स्वतःचा आण, नाहीतर दुसरी मुलगी उभी करतो. भोसरीच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून तुम्ही थेट दुकानात आलात, डावा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात. प्रेसखाली अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली तेव्हापासून तो हात चारचौघांत बाहेर येत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा रुमालाखाली असायचा. त्या दिवशी मात्र तुम्ही सगळ्यात कडक मिट निवडलात आणि मला दाखवायला म्हणून तोच हात आत सरकवलात. भाकरीएवढं गोल, जाड कातडं. बाहेरून बोटं वेगळी दिसतच नाहीत. हात समोर धरून तुम्ही बघत राहिलात. दुकानदार "पॅक करू का?" म्हणतोय तरी काढेनात.

मग काळेवाडीच्या आपल्या गल्लीत रोज संध्याकाळी मी चेंडू फेकायचा आणि तुम्ही झेलायचा. खरं तर मिट माझ्या हाताने मऊ व्हायला हवा होता, पण तुम्ही सोडाल तर शपथ. शेजारचे काका ओट्यावरून विचारतात, "राव, पोरगी खेळणार हाय का तुमी?" "मशिन सेट करतोय," तुमचं ठरलेलं उत्तर. चाचणीच्या आदल्या दिवशी मी मिट घातला तर घडी भलत्याच जागी पडलेली, अंगठा आणि शेवटची दोन बोटं यांच्यामध्ये, तुमच्या हाताची. माझी पहिली दोन बोटं नुसती अडत होती. तुमच्या लगेच लक्षात आलं. "वाटोळं केलं की गं मी," म्हणालात आणि हात पुन्हा खिशात गेला. मला असा राग आला, मिटचा नाही, त्या खिशाचा. करंगळीच्या घरात मी दोन बोटं कोंबली, बाकीची एकेक घर सरकवली आणि म्हटलं, "टाका, अप्पा." चेंडू आत खोल जाऊन बसला, उसळलाच नाही. "टाका अजून."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एकही चेंडू सुटला नाही. निवड करणाऱ्या सरांनी मिट उलटसुलट करून पाहिला. "एवढा खोल खळगा कुणी पाडला?" "आमच्या अप्पांनी," मी मैदानभर ऐकू जाईल असं सांगितलं. तुम्ही जाळीबाहेर उभे होतात. तिथून तुम्ही हात वर केलात, डावा. संघात निवड झाली त्याचा मला अभिमान आहेच, अप्पा, पण त्या वर झालेल्या हाताचा जास्त आहे, अजूनही.

लेक म्हणाली, "आई, तुझ्यासारखा खळगा पाडून दे." म्हणून रोज कामावरून आले की सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती फेकते आणि मी झेलते, पहिली दोन बोटं आत मुडपून. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकणार तरी कुठे, राहील ड्रॉवरमध्ये. पण तुम्हाला म्हणून सांगते, मिट परवाच तयार झालाय. तिला मी म्हटलंय, अजून कडक आहे.