पत्र्याची जाडी

३ फेब्रुवारी

आज नेहमीचेच प्रश्न. तुळई, कप्पी, उतारावरून घसरणारा ठोकळा. पोरांना घर्षणाचा भारी कंटाळा. शून्य धरून मोकळी होतात.

सासूबाई विचारत होत्या, परक्यांच्या पोरांचा गृहपाठ तू का करत बसतेस, त्यांच्या आया काय करतात? म्हटलं, त्या दुसऱ्या कुणाच्या पोरांचा करत असतील. हसल्या.

एक प्रश्न 'खारूताई' या नावाने आला. गृहपाठ सोडवून देणाऱ्या आमच्या साइटवर खरी नावं कुणी लावत नाही. बॉयलरच्या टाकीचा व्यास दिलेला, आतल्या वाफेचा दाब दिलेला, पत्र्याची जाडी दिलेली. पत्र्यावर ताण किती? सोपा होता. सोडवून टाकला. फक्त जाडी ६.३ मिलिमीटर होती. पुस्तकातल्या गणितात असे आकडे सहसा नसतात.

५ फेब्रुवारी

पुन्हा खारूताई. 'पत्रा मुळात बारा मिलिमीटर होता, गंजून एवढा राहिला. दाब पहिल्याइतकाच ठेवला तर चालेल का?'

'चालेल का' असं गृहपाठात कुणी विचारत नाही. 'काढा' असतं, 'सिद्ध करा' असतं.

मी लिहिलं, चालणार नाही. आणि दाब चुकून वाढलाच तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ बाहेर सोडेल, हेही उत्तरात धरावं.

लगेच उत्तर आलं. 'व्हॉल्व्ह आवळून ठेवलाय. सारखा उडायचा म्हणून.'

चहा तसाच गार झाला. प्यायचं सुचलंच नाही.

६ फेब्रुवारी

विचारलं — हा खरा बॉयलर आहे का? उत्तर नाही.

८ फेब्रुवारी

आजचा प्रश्न जसाच्या तसा उतरवते. 'बॉयलर फुटला तर किती लांब उभा असलेला माणूस वाचेल? उत्तर मीटरमध्ये द्या.'

खुर्चीतून उठलेच. खोलीत येरझाऱ्या घातल्या. पहिल्या नोकरीत पाण्याची पातळी दाखवणारी बॉयलरची काचेची नळी फुटताना पाहिली होती. बोटाएवढी नळी. फिटरचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. इथे तर अख्खी टाकी आहे.

आकडा मी देणार नाही. मी दहा म्हणायची आणि कुणीतरी बिचारा अकरा मीटरवर निवांत उभा राहायचा. लिहिलं, कुठेच उभं राहू नका. आग बंद करा, बॉयलर थंड होऊ द्या. आणि तुम्ही कोण, कुठे आहात ते सांगा. माझा फोन नंबरही दिला. साइटने त्याच्या जागी फुल्या छापल्या.

नवरा म्हणाला, "कुणीतरी टवाळ असेल. तू उगाच जिवाला लावून घेतेस." टवाळ माणूस पत्रा गंजल्याचं कशाला सांगेल?

९ फेब्रुवारी

साइटवाल्या साहेबांचा फोन. विद्यार्थ्यांना खासगी प्रश्न विचारायचे नाहीत म्हणे. मी सगळं सांगितलं. खारूताईचा पत्ता तुमच्याकडे असेल, निदान पोलिसांना तरी कळवा, म्हटलं.

"मॅडम, आपण गृहपाठ सोडवतो. कारखाने चालवत नाही. पत्त्यासाठी वरून परवानगी लागते."

"वर कोण आहे?"

"ते मलाही नीट माहीत नाही."

मग मी बॉयलर इन्स्पेक्टरच्या ऑफिसला फोन लावला. बॉयलर कुठला? माहीत नाही. कारखाना? माहीत नाही. गाव तरी? मलाच माझी कीव आली. पण माणूस भला होता. म्हणाला, "बाई, विचारणाऱ्याला एवढंच सांगा, तक्रार निनावी केली तरी आम्ही जातो." तेही लिहून पाठवलं.

१० फेब्रुवारी

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला. जेवण अर्धं कच्चं. सासूबाईंनी ताट बाजूला सारून माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा रडू आलं.

११ फेब्रुवारी

खारूताई मुलगी आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आज सगळं एकदम लिहिलंन.

बॉयलर तिचे वडील चालवतात, कापड रंगवायच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी बॉयलर गार असतो. तेव्हा ती त्यांचा डबा द्यायला म्हणून गेली आणि कॉलेजच्या लॅबमधलं जाडी मोजायचं यंत्र पिशवीतून घेऊन गेली. हात पोचला तिथे मोजलं. वडील म्हणाले, "तुझं पुस्तक मला शिकवू नकोस. मालकांना कळलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल." म्हणून तिला तिसऱ्याच माणसाचं उत्तर हवं होतं, वडिलांसमोर ठेवायला.

मी तिच्या वडिलांसाठी साध्या भाषेत लिहिलं. सूत्रं नाहीत. तुमच्या मुलीचं गणित बरोबर आहे, मी पुन्हा पुन्हा तपासलं. तो पत्रा आता भरवशाचा नाही. त्याच्याजवळ उभे राहू नका.

१३ फेब्रुवारी

'बाबांनी वाचलं. आज ते कामावर गेले नाहीत.'

मी सासूबाईंना मिठीच मारली. त्यांना काही कळेना. किती दिवसांनी पोटभर जेवले.

दुपारी पुढची ओळ आली. 'मालकांनी बाबांच्या जागी नवा माणूस उभा केलाय. त्याला यातलं काही माहीत नाही. बाबा म्हणतात, आपण आता गप्प बसायचं.'

म्हणजे मी काय केलं? एकाला तिथून उठवलं आणि दुसऱ्याला तिथे नेऊन उभं केलं. आणि तो दुसरा आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, त्या पत्र्यापासून हातभर अंतरावर असेल.

लिहिलं — बाबांना म्हणावं, जा आणि त्या माणसाला सांगा. आजच. इन्स्पेक्टरला तू कळव, नाव सांगू नकोस. बटण दाबलं तर पडद्यावर आलं, 'तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.' निरोप आधी गेला की खातं आधी बंद झालं, कळायला मार्ग नाही.

साहेबांना फोन केला. उचलत नाहीत.

१४ फेब्रुवारी

पेपर चाळले, बातम्या लावून बसले. स्फोट कुठेच नाही. नवरा आता टवाळ म्हणत नाही. तोही बातम्या बघतो.

१५ फेब्रुवारी

कुठेच काही नाही. तरी दार आपटलं की दचकते.

१८ फेब्रुवारी

साहेबांचा फोन आला. "नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी आलंय, वाचून दाखवतो."

'तुमचा निरोप मिळाला. बाबा त्याच दिवशी गेले, नव्या माणसाला बाहेर बोलावून सांगितलं. दोघांनी मिळून भट्टीतली आग बाहेर ओढून विझवली. दोघांचीही नोकरी गेली. काल इन्स्पेक्टर आले. हातोडीने पत्रा ठोकत गेले, खालच्या बाजूला एका ठोक्यात हातोडी आत गेली. मी मोजलं होतं तिथे नाही. ती जागा त्यातल्या त्यात जाड होती.'