दरवाज्यातलं लुगडं

७ जाने. ७४, सोम.
सबनीस वकिलांची गाडी आली. अडतीस सालची, विलायती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. इंजिन बंद, म्हणून दोन बैल जुंपून कोर्टामागच्या आळीतून ओढत आणली. निम्मी आळी मागे. पेट्रोल इतकं महाग झालंय की लोक गाड्या विकतायत आणि वकिलांना हिची हौस. पुढच्या महिन्यात मुंबईला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, तिथे न्यायची. इंजिनाला ठाण्याचा मेकॅनिक येणार. अंगाचं, म्हणजे पत्र्याचं आणि रंगाचं, काम माझं. (पुढे नुसतं व.सा. लिहीन, वकीलसाहेब म्हणून.)

काम पसंत पडलं तर व.सा. दोन मित्रांच्या जुन्या गाड्या माझ्याकडे धाडणार. ट्रकचे पत्रे ठोकून ठोकून कंटाळलो. अशा कामाची किती वर्षं वाट बघतोय.

उस्ताद नेहमीसारखे दाराशी स्टुलावर. दुकान त्यांचंच, तीन वर्षं झाली माझ्या हवाली करून. हात कापतात. तरी रोज येतात, चहा घेतात, एखादी हातोडी उचलून परत ठेवतात. गाडी बघून उभेच राहिले. बॉनेटचं नाक चेपलंय, तिथे शिसं वितळवून चढवायचं काम तेवढं मी करतो म्हणाले. व.सा. हसून हो म्हणाले.

८ जाने., मंगळ.
रंग खरवडायला घेतला. मागच्या उजव्या दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, बोटभर थर. पेचकस लावला तर ढेकूळच निखळून पडलं. आत जळलेलं भोक, गंज आणि कोंबलेली चिंधी. चिंधीचा एक तुकडाही खाली पडला.

आपल्या धंद्याची रीतच आहे, गाडी उघडली की आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करायचा. गिऱ्हाइकालाही बरं वाटतं, आता आपण शहाण्या माणसाकडे आलो असं. मी या कामात पटाईत. व.सा. समोर उभेच होते. म्हटलं, हा मिस्त्री नव्हे, हलवाई. पत्रा जाळला आणि वर बर्फी थापली. असल्या माणसाच्या हातात हातोडी देणाऱ्याला आधी धरलं पाहिजे, असंही म्हटलं. दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालू.

व.सा. शांतपणे म्हणाले, "पण ही गाडी इथेच झाली होती ना? बहिणीच्या लग्नाच्या वेळी. दुसरीकडे कधी गेलीच नाही."

मी पेचकस पुसायला घेतला. उस्ताद स्टुलावरून उठले, खाली पडलेली चिंधी उचलून खिशात घातली. म्हणाले, "मेराही काम है, वकीलसाब. गलती हो गई."

जाताना व.सां.नी मला बाजूला घेतलं. नाकाचं काम म्हाताऱ्याला देऊ नका म्हणाले.

उस्तादांच्या हातून असं काम? आणि चिंध्या गोळा करायची ही काय नवीन सवय. म्हातारपण, दुसरं काय. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. उस्तादाच्या वर गेलो असं.

९ जाने., बुध.
उस्ताद आले नाहीत. नाकाचं त्यांना कसं सांगायचं याचा घोर लागला होता, तो सुटला म्हणून हुश्श केलं.

दु. दरवाजा उतरवून आडवा ठेवला. आतला चिंधीचा बोळा पकडीने ओढून काढला. मुठीएवढा, गंजाने तांबडा. रॉकेलमध्ये बुचकळला, मग साबणाने धुतला. कसलं कापड ते बघू म्हणून. भिवंडीत चिंधी म्हणजे लूमचं, यंत्रमागाचं, कोरं कापड, फुकट मिळतं, दुसरं कोण काय वापरणार. हे कोरं नव्हतं. हिरवी चौकट, काठाला लाल रेघ, रेघेत पिवळा धागा.

आईचं लुगडं.

मी शिकाऊ होतो तेव्हा आई जुनी लुगडी फाडायची आणि गठ्ठा बांधून अंबाडीहून एस.टी.त कुणाच्या तरी हाती द्यायची. पोराला हात पुसायला. दुकानात सगळे हसायचे. लुगड्याची चिंधी वापरणारा मी एकटा.

हलवाई मीच.

१० जाने., गुरु.
आठवत नव्हतं असं लिहिणार होतो. खोटं आहे. मंगळवारी भोक दिसलं तेव्हाच शंका आली होती. म्हणून तर आवाज चढवला. खाई त्याला खवखवे.

बासष्ट साल. उस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला. गाडी व.सां.च्या बहिणीच्या लग्नाची, रविवारपर्यंत दिली असती तरी चाललं असतं. शिसं चढवायला शिकून मला दोनच महिने झाले होते. शिसं वितळवायची बत्ती जास्त वेळ धरली, पत्रा जळाला, भोक पडलं. पॅच मारता आला असता. पण उस्ताद शुक्रवारी परत येणार होते.

शुक्रवारी लूम बंद. सहा दिवस अख्ख्या गावात खटखट चालू, शेजारचा बोलतो ते ऐकू येत नाही. म्हणून उस्ताद झालेलं काम शुक्रवारीच तपासायचे, नमाजाला जायच्या आधी. डोळ्यांनी नाही. बोटाने पत्रा वाजवायचे. चांगला पत्रा एक बोलतो, लांबी भरलेला दुसरं बोलतो. शुक्रवार झाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जायची नाही.

मी चिंधी कोंबून वर लांबी थापली आणि गाडी गुरुवारी संध्याकाळीच दिली. काम झालंय, घेऊन जा म्हणून स्वतः सांगायला गेलो. तेव्हा व.सां.नी पाठ थोपटली होती, काय वेळेवर काम केलंत म्हणून; उस्ताद गावात नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बायकोला, सुमनला, चिंधी दाखवली. तिने लगेच ओळखली. "आत्यांचं लुगडं हाय ह्ये. तुमाला कुठं गावलं?" सांगितलं सगळं. ती भाकरी थापत होती, थांबली. "मंग वकिलाला सांगा की." म्हटलं सांगतो. "तुमी न्हाय सांगायचं. मला म्हाईत हाय तुमी कसं ते." वर भाकरीसुद्धा करपली, त्याचा दोष माझ्यावर.

११ जाने., शुक्र.
उस्तादांच्या घरी गेलो. खाटेवर बसून होते. मला बघून चहा सांगितला, गाडीचं विचारलं. मंगळवारचं काहीच नाही. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी खिशातून माझा बोळा काढला. त्यांनी उशाखालून त्यांचा काढला. धुऊन, वाळवून, चार घड्या घातलेला. म्हणाले, "तेरी अम्मा का है. फेकनेका नहीं."

म्हणजे चिंधी खाली पडताच त्यांनी ओळखली होती. मी ओळखायच्या आत, व.सा. बघायच्या आत उचलली. आणि मी त्यांना चिंध्या गोळा करणारा म्हटलं.

कधीपासून माहीत होतं विचारलं. लग्नाच्या दिवसापासून. मांडवाशी गाडी उभी होती, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार होता, आहेर द्यायला गेले तेव्हा सहज बोटाने वाजवलं. मग बोलला का नाहीत?

"तू बोलेगा, ऐसा लगा."

बारा वर्षं. रोज मी त्यांच्या ताटात जेवलो, दुकान घेतलं, पाटीवर माझं नाव लावलं. ते वाट बघत होते.

मग स्वतःच म्हणाले, की चूक त्यांचीही आहे. कळलं तेव्हाच गाडी परत मागवायला हवी होती. तुला बोलता यावं म्हणून थांबलो आणि गिऱ्हाइकाचा दरवाजा सडला. दुकान माझं होतं तर गलतीपण माझी. वकिलांना सांगू का, मी विचारलं. "मुझसे क्यूँ पूछता है?"

घरापर्यंत पायी आलो. कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं.

१४ जाने., सोम. संक्रांत
व.सां.कडे गेलो. ठरवून. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. बैठकीत चार माणसं होती, त्यांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली. हे आमचे रघुनाथ मिस्त्री, हातात कला आहे. मग म्हणाले, गुरूपेक्षा चेला सवाई, त्या म्हाताऱ्याने तर गाडीची वाट लावली होती. सगळे हसले.

मी पण हसलो.

वहिनींनी तिळगूळ दिला. व.सां.नी विचारलं, काही काम होतं का? मी म्हटलं, रंग कोणता ते विचारायला आलो. रंग पहिल्या दिवशीच ठरलाय.
(काळा, त्यात निळ्याचे थेंब. लिहून ठेवलेलं आहे मागच्या पानावर.)

तिळगूळ सुमनच्या हातावर ठेवला. तिने तो तसाच फडताळात ठेवला.

१७ जाने., गुरु.
जळका पत्रा कापला, नवा बसवला. डाव्या हाताने मागून ठोकळा, पुढून हातोडी. काम सुरेख होतंय, तेच खुपतंय. बारा वर्षांपूर्वी एक दिवस थांबलो असतो तर एवढंच करायचं होतं.

१९ जाने., शनि.
ट्रकवाला शेख आला होता, मडगार्ड सरळ करायला. म्हणतो, सुना है बुड्ढा लांबी ठूसता था. कोणी सांगितलं? कोर्टात कुणीतरी बोलत होतं. उस्तादांनी याच्या बापाच्या पहिल्या ट्रकचं केबिन बांधलंय, ते अजून चालू आहे. मी म्हटलं, असं काही नाही. तो म्हणाला, तो फिर किसने किया? मी म्हटलं, हातोडी आण ती इकडे.

कोंबड्याने तीनदा बांग दिली तरी माझी झोप काही मोडत नाही, असं आई म्हणायची माझ्याबद्दल. ती झोपेबद्दल म्हणायची.

२४ जाने., गुरु.
दरवाज्याच्या जोडावर शिसं चढवलं. तेल लावलेल्या लाकडी पट्टीने फिरवत गेलो, लोण्यासारखं पसरलं. बत्ती धरताना उस्तादांचा आवाज कानात. हटा, हटा, अब ला, अब हटा. तो आवाज ऐकत ऐकत केलं तर एकदाही चुकलं नाही.

नाक तसंच ठेवलंय. ठाण्याचा मेकॅनिक म्हणतो, इंजिन झालं, तुमचं काय राहिलंय? व.सां.चा निरोप, कधी रंगवताय.

२८ जाने., सोम.
अख्खी गाडी रंगवून झाली. नाक आणि तो दरवाजा सोडून. रंग चढवला की संपलं, कुणाला काही दिसणार नाही. स्प्रेची बंदूक भरून दोनदा दरवाज्यासमोर उभा राहिलो. दोनदा ओतून परत डब्यात.

सुमन डबा घेऊन आली होती. नागडा दरवाजा बघितला. "ऱ्हाऊ द्या असाच," म्हणाली. एवढंच. तिच्याकडून हे बोलणं म्हणजे पुष्कळ.

३० जाने., बुध.
व.सां.ना निरोप धाडला. शुक्रवारी सकाळी या. उस्तादांकडेही गेलो. म्हटलं, नाक तुमच्यासाठी ठेवलंय, शुक्रवारी या. त्यांनी हात पुढे करून दाखवले, कापत होते. म्हटलं, मी मनगट धरतो. चहा घे म्हणाले.

१ फेब्रु., शुक्र.
लूम बंद. गाव इतकं गप्प की समोरच्या घरातली कढई ऐकू येत होती.

व.सा. नऊला आले. दरवाजा कोरा का, पहिलाच प्रश्न. मी दोन्ही बोळे सीटवर ठेवले होते, घडी करून. उचलून त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "हे माझ्या आईचं लुगडं. दरवाज्यात मी कोंबलं होतं. उस्ताद तेव्हा मुंबईला होते. हलवाई मी." ठरवलेलं वाक्य वेगळं होतं, ते आलंच नाही.

व.सां.नी कापड उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "आणि त्या दिवशी माझ्यासमोर शिव्या कोणाला दिल्यात?"

संक्रांतीला हसलो होतो तेही त्यांना आठवलं असणार, कारण चेहरा लाल झाला. माझाही झाला. त्यांचाही थोडा स्वतःमुळे असावा, पण ते मी कोण म्हणणार. कापड सीटवर ठेवलं, चष्मा पुसला. गाडी राहू दे, विचार करून सांगतो म्हणाले आणि निघून गेले. मित्रांच्या गाड्यांचं मी विचारलं नाही. गेल्या असतील तर गेल्या.

वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. काही हलकं नाही. उलट आता गावभर कळणार. कळू दे.

उस्ताद सकाळी आलेच नाहीत. नमाज सुटल्यावर आले, पांढऱ्या कपड्यात. वकील आले होते, त्यांना सांगितलं म्हटलं. ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्टुलावर बसले नाहीत. नाकाकडे बघितलं नाही, मी बत्ती आणि शिसं तिथे मांडून ठेवलं होतं तरी. सरळ मागच्या दरवाज्याशी गेले, वाकले, खालच्या कोपऱ्यात बोटाने वाजवलं. कान लावून ऐकलं.

चांगल्या पत्र्याचा आवाज आला. पुन्हा एकदा वाजवलं, त्याच जागी. मी हातातली पट्टी खाली ठेवली आणि थांबलो.